क्षेत्रकार्यातील स्थाननिर्देशक यंत्र आणि त्याचे सेल

बोलींच्या सर्वेक्षणात जी सामग्री गोळा होते, तिचे मोल दोन गोष्टींवर अवलंबून असते. उच्चारलेले रूप बिनचूक टिपले गेले आहे काय, ही त्यांतील पहिली. आणि ते नेमके कोणत्या ठिकाणी टिपले गेले, ही दुसरी. पहिल्या गोष्टीविषयी आपल्या अभ्यासक्रमांत पुष्कळ सांगितले जाते. दुसरी मात्र कारकुनी बाब समजून सहायकांवर सोपविण्यात येते. वस्तुतः भाषिक नकाशावर समरूपरेषा आखावयाची झाली, की सारा भार या दुसऱ्या गोष्टीवरच येऊन पडतो. कोणत्या गावाचे हे निश्चित नसलेले रूप नकाशावर बसवावयाचे कोठे?

चाकूर तालुक्यापुरते बोलावयाचे, तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. ‘तू काय करत आहेस’ या अर्थी ‘काय करूलालास’ आणि ‘काय करायलास’ अशी दोन्ही रूपे मराठवाड्यात ऐकू येतात, आणि लातूरकडून नांदेडकडे जाणाऱ्या मार्गावरील या भागात ती एकमेकांस कोठे भेटतात हे गावोगाव फिरून ठरवावयाचे आहे. मागील सर्वेक्षणांची मदत येथे फारशी होत नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हते, आणि चाकूरचा प्रदेश १९४८ पर्यंत त्या संस्थानातच मोडत होता. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात बोलींची जी वर्णने सिद्ध केली, त्यांत कुडाळी, महाडची कुणबी, वारली अशा कोकणपट्टीकडील बोलींचा भरणा आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने साऱ्या महाराष्ट्रातील बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, ही मोठीच सोय झाली. तथापि एका तालुक्यातील गावे एकामागून एक पिंजून काढावयाची असतील, तर ते काम स्थानिक अभ्यासकांनाच करावे लागणार.

गावाचे नाव लिहिले म्हणजे ठिकाण कळले, असे येथे म्हणता येत नाही. एकाच नावाची दोन गावे शेजारी असावयाची आणि ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ एवढ्यावरूनच ती ओळखावयाची, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार आहे. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. पहिला ‘बुजुर्ग’चे रूप असून त्याचा अर्थ मोठे, आणि दुसऱ्याचा लहान. बोलताना लोक ही विशेषणे गाळतात. ध्वनिमुद्रणात निवेदक केवळ ‘झरी’ म्हणतो, टिपणवहीत सहायकही ‘झरी’ एवढेच लिहितो, आणि मग सहा महिन्यांनी विभागात बसून ती बुद्रुक की खुर्द याचा खल चालतो. वाड्या आणि तांडे यांचे तर विचारावयासच नको. तांड्यावर घरात गोरमाटी आणि बाहेर मराठी असा व्यवहार असतो; त्यामुळे गावठाणातील मराठी आणि त्याच गावाच्या हद्दीतील तांड्यावरची मराठी एका नावाखाली नोंदणे हा भाषाशास्त्रीय घोटाळाच होय.

औसा तालुक्यात आणि शेजारच्या जिल्ह्यात याहून वेगळी अडचण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावात आळीआळीने राहणारी घरे नव्या वसाहतीत सरळ रस्त्यांच्या चौकटीत आली. तेथील साठीच्या पुढील निवेदकाची बोली जुन्या ठिकाणी घडलेली आणि त्याच्या नातवाची नव्या ठिकाणी. गावाचे नाव मात्र एकच. अशा वेळी अक्षांश-रेखांशांची नोंद हाच विश्वासार्ह आधार उरतो. चाकूर सुमारे १८ अंश ३१ मिनिटे उत्तर आणि ७६ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे मिनिटापर्यंतची नोंद गाव सांगेल, वस्ती सांगणार नाही. सेकंदापर्यंत गेल्यास अंतर तीस-एकतीस मीटरवर येते आणि मग तांडा व गावठाण निःसंशय वेगळे दाखविता येतात.

हे काम हातात धरावयाच्या स्थाननिर्देशक यंत्राने, म्हणजे ज्यास सारे जण जीपीएस म्हणतात त्याने, उत्तम होते. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेला दोष काढून टाकला, तेव्हापासून साध्या यंत्रानेही काही मीटरांपर्यंतची अचूकता मिळू लागली. यंत्रात खराब होण्यासारखेही फारसे नसते. तरीही क्षेत्रकार्याहून परतलेल्या सहायकांच्या वह्यांत स्थानाचा रकाना दुपारनंतर रिकामा आढळतो, आणि कारण विचारल्यास एकच उत्तर मिळते : ‘सेल गेले.’

प्रस्तुत लेखाचा विषय हे उत्तर आहे. ‘सेल गेले’ या दोन शब्दांखाली निदान चार वेगवेगळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. सहायकाने नवे सेल आणून घातले, की त्यांपैकी एकाचे निवारण होते. बाकीचे तीन तसेच राहतात, आणि ‘यंत्रच खराब आहे’ असा शिक्का बसून ते कपाटात जाते.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे, कारण येथे शब्दच पुष्कळदा घात करतात. चाकूरच्या बाजारात ‘बॅटरी’ मागितली, तर दुकानदार विजेरी पुढे करील किंवा मोटारीची घटमाला कोठे मिळते ते सांगेल. ग्रामीण मराठीत ‘बॅटरी’ या शब्दाचा प्रमुख अर्थ विजेरी हाच आहे, आणि तीत घालावयाचे ते ‘सेल’. आपल्या यंत्रास जे दोन बोटाएवढे सेल लागतात, त्यांस बाजारात ‘पेन्सिल सेल’ म्हणतात. नुसते ‘पेन्सिल सेल द्या’ म्हटले, की जो सेल हाती पडतो तो भिंतीवरच्या घड्याळाचा असतो. म्हणजे जस्त-कार्बन जातीचा, सर्वांत स्वस्त. घड्याळास तो वर्षभर पुरतो, कारण घड्याळ अगदी क्षीण प्रवाह घेते. स्थाननिर्देशक यंत्रात मात्र तो काही तासांतच मान टाकतो. दुकानदाराने फसविलेले नसते. त्याने आपल्या शब्दास जागून योग्य तीच वस्तू दिलेली असते. ‘अल्कलाईन’ हा शब्द उच्चारूनच मागणी करावी, आणि वेष्टनावर तो छापला आहे ना हे पाहावे.

आता यंत्राची गरज किती ते पाहू. गार्मिन कंपनीच्या इट्रेक्स मालिकेतील १०, २० व ३० या यंत्रांसाठी कंपनीने दोन सेलांवर पंचवीस तास असा आकडा दिला आहे. सेलाची धारिता २००० मिलिअँपिअर-तास धरली, तर हा हिशेब सुमारे ८० मिलिअँपिअर प्रवाहाचा होतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन सेल घातले म्हणून धारिता दुप्पट होत नाही. ते एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडलेले असल्याने दाब दुप्पट होतो. धारिता एकाच सेलाएवढी राहते. यावरून पुढची गोष्ट निघते, आणि ती फार महत्त्वाची आहे : दोहोंपैकी जो दुबळा, त्याच्या बळावर जोडीचे आयुष्य ठरते. एक नवा आणि एक जुना सेल घालून काटकसर साधत नाही. उलट जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो आणि जुन्याची ध्रुवता उलटण्यापर्यंत मजल जाते. पुनर्भरणाचा सेल असेल तर तो कायमचा अधू होतो.

जस्त-कार्बन सोडल्यास उपयोगी जाती तीन. अल्कलाईन सेलाचा दाब नवा असताना दीड व्होल्टच्या थोडा वर असतो आणि वापराबरोबर तो सावकाश घसरत एक व्होल्टच्या खाली जातो. निकेल-मेटल हायड्राइड जातीचा पुनर्भरणाचा सेल भरून काढल्याबरोबर १.४ व्होल्ट दाखवितो, परंतु लवकरच १.२ च्या आसपास स्थिरावतो, बहुतेक सारा वेळ तेथेच राहतो, आणि शेवटी एकाएकी कोसळतो. तिसरी जात लिथियम-लोहसल्फाइडची. ती दीड व्होल्टचीच, वजनाने हलकी, उन्हात टिकाऊ, पण महाग आणि पुन्हा न भरता येणारी.

मराठीत सेल ‘उतरतो’. ताप उतरतो, नशा उतरते, विंचू उतरतो, तसाच सेलही. या क्रियापदात हळूहळू कमी होण्याची कल्पना आहे आणि जस्त-कार्बन किंवा अल्कलाईन सेलास ती चपखल लागू पडते. विजेरीचा प्रकाश पिवळा पडत जातो हे पाहूनच ती रूढ झाली असावी. पुनर्भरणाचा सेल मात्र उतरत नाही, तो ‘बसतो’. ‘सेल बसला’ हा प्रयोगही कानावर येतो. सहायकांनी या दोन क्रियापदांतील भेद लक्षात ठेवला, तरी त्यांचे अर्धे काम होईल असे मला वाटते. उतरणाऱ्या सेलाची पूर्वसूचना मिळते. बसणाऱ्याची मिळत नाही. म्हणून राखीव जोडी जवळ हवीच.

यंत्राच्या पडद्यावर सेलाचे जे चित्र दिसते, ते या भेदामुळेच फसवे ठरते. यंत्र धारिता मोजीत नाही. ते केवळ दाब मोजते आणि त्यावरून अनुमान करते. अनुमान कोणत्या जातीच्या वक्रावरून करावयाचे, हे आपणच यंत्राच्या मांडणीत सांगावयाचे असते. तेथे अल्कलाईन, निकेल-मेटल हायड्राइड आणि लिथियम असे पर्याय असतात. निवड अल्कलाईनची आणि आत पुनर्भरणाचे सेल अशी स्थिती असेल, तर १.२ व्होल्ट पाहून यंत्रास सेल अर्धे संपल्यासारखे वाटते आणि ते भरल्या सेलांवर इशारे देऊ लागते. सहायक बिचारा चांगले सेल काढून ठेवतो. याच्या उलट झाले, म्हणजे अल्कलाईन सेल असताना निवड निकेलची राहिली, तर चित्र शेवटपर्यंत भरलेले दिसते आणि यंत्र न सांगता बंद पडते. ‘सेल गेले’ या तक्रारीतील हा पहिला प्रकार; यात सेल गेलेलेच नसतात. सेल बदलताना जात बदलली, तर मांडणीही बदलावी, असा दंडक घालून द्यावा.

दुसरा प्रकार धक्क्याने यंत्र बंद पडण्याचा. मोटारसायकल नळेगावच्या किंवा चापोलीच्या वाटेवर खड्ड्यातून गेली, की यंत्र विझते. कळ दाबली की पुन्हा सुरू होते आणि सेलाचे चित्र भरलेले असते. हा दोष स्पर्शाचा होय. सेल आणि धातूची पट्टी यांच्यातील स्पर्श क्षणभर सुटला तरी यंत्रास तो वीज गेल्यासारखाच वाटतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या सेलांची लांबी व टोकाची उंची केसभर कमी-अधिक असते, आणि स्प्रिंग दबून मऊ झालेली असली की एवढा फरक पुरेसा होतो. झाकण काढून स्प्रिंग लाकडी काडीने हलकेच वर घ्यावी, आणि सेल व झाकण यांच्या मध्ये जाड कागदाची घडी ठेवावी. चमकीचा कागद किंवा सिगारेटच्या पाकिटातील वर्ख कोंबण्याची युक्ती पुष्कळांस सुचते. ती कटाक्षाने टाळावी. वर्ख सरकून दोन्ही ध्रुव जोडले गेले, तर सेल तापतो आणि यंत्राच्या पट्ट्या जळतात.

याच जातीत गंजलेल्या पट्ट्यांचाही समावेश होतो. पावसाळ्यात काम थांबले म्हणून यंत्र सेलांसह पेटीत ठेवले जाते आणि दिवाळीनंतर उघडल्यावर आत पांढरा बुरा दिसतो. अल्कलाईन सेलातून पाझरतो तो क्षार, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. तो लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने निघतो. कापूस काडीस गुंडाळून, अगदी थोडा रस लावून पुसावे, मग स्वच्छ ओल्या कापसाने आणि शेवटी स्पिरिटने. जस्त-कार्बन सेलाचा पाझर आम्लधर्मी असतो. तेथे लिंबू व्यर्थ, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावावा. बुरा डोळ्यांत किंवा बोटांस लागू देऊ नये. एकदा निकलचा मुलामा उडून खालचे लोखंड उघडे पडले, की ही पट्टी पुन्हा पुन्हा गंजणार. पण हलक्या काचकागदाने घासून ती वर्ष-दोन वर्षे चालविता येते. महिनाभराहून अधिक काळ यंत्र वापरावयाचे नसेल, तर सेल बाहेर काढून ठेवणे हाच खरा उपाय.

तिसरा प्रकार विशिष्ट क्षणी बंद पडण्याचा असतो. यंत्र दिवसभर चालते, संध्याकाळी पडद्यामागचा दिवा लावला की विझते. किंवा घरात नेले की थोड्या वेळाने विझते. या ठिकाणी सेलाचा अंतर्गत रोध कारणीभूत असतो. सेल जुना झाला की त्याची धारिता घटते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा आतला रोधही वाढतो. प्रवाह थोडा असेपर्यंत दाब टिकतो. मागणी वाढली की तो आतल्या आतच खर्ची पडतो. असा सेल नुसत्या मीटरवर मोजला तर निर्दोष दिसतो, कारण मीटर त्याच्याकडून काहीच मागत नाही. मोजताना सेलाच्या दोन टोकांवर दहा ओहमचा रोधक जोडावा. रेडिओदुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. १.२ व्होल्टवर त्यातून १२० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे जवळजवळ आपल्या यंत्राइतकाच भार. अर्ध्या मिनिटात दाब १.१ च्या खाली घसरला, तर भरलेला असूनही तो सेल क्षेत्रकार्यास निरुपयोगी समजावा. मीटर नसेल तेथे जुन्या पद्धतीची, तारेचा बल्ब असलेली विजेरी हे उत्तम परीक्षायंत्र होय. नव्या एलईडी विजेरीचा काही उपयोग नाही; ती मरणासन्न सेलावरही उजळते.

घरात नेल्यावर यंत्र अधिक वीज का खाते, हे सांगितले पाहिजे. यंत्रास वीस हजार किलोमीटरहून अधिक उंचीवरील उपग्रहांचे अत्यंत क्षीण संदेश पकडावयाचे असतात. मराठवाड्यातील जुन्या घरांवर मातीचे जाड माळवद असते. त्या मातीच्या ओझ्याखालीच १९९३ मध्ये हजारो माणसे सापडली. माळवदातून किंवा पत्र्याच्या छपरातून उपग्रहाचा संदेश आत येत नाही. मग यंत्र हरवलेले उपग्रह शोधीत राहते, आणि शोधाच्या काळात त्याची मागणी सर्वांत जास्त असते. निवेदकाशी दोन-तीन तास बोलणे चालले असताना पिशवीत यंत्र चालूच राहिले, तर सेलांचा मोठा भाग या निष्फळ शोधात संपतो. म्हणून घरात शिरताना ते बंद करावे. तथापि दर दहा मिनिटांनी बंद-चालू करण्यातही लाभ नाही. प्रत्येक उपग्रह आपली कक्षाविषयक माहिती दर तीस सेकंदांनी सांगतो, आणि सर्व उपग्रहांची स्थूल पंजिका पूर्ण व्हावयास साडेबारा मिनिटे लागतात. ती माहिती शिळी झालेली असेल तर प्रारंभीचा शोध लांबतो. बैठकीपूर्वी अंगणात उघड्या आकाशाखाली स्थान नोंदावे, वहीत हाताने उतरावे, यंत्र बंद करावे. भ्रमणमार्गाची अखंड रेषा नोंदण्याची हौस भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सोडून दिली तरी चालेल. आपल्याला बिंदू हवे आहेत, रेषा नकोत.

चौथा प्रकार म्हणजे सेल खरोखरीच रिकामे असणे. रात्री भरावयास लावलेले सेल सकाळी भरलेलेच नसतात, किंवा मार्चमध्ये भरून ठेवलेले जूनमध्ये रिते आढळतात. यात आपल्या प्रदेशाच्या दोन खोडी आहेत. पहिली ऊन. साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता ठेवला तरी महिन्यास वीस ते तीस टक्के गळतो. आणि स्थूलमानाने दर दहा अंश उष्णता वाढली की ही गळती दुपटीच्या घरात जाते. लातूर-चाकूर भागातील एप्रिल-मेचे चाळीस अंश लक्षात घेतले, म्हणजे सुट्टीपूर्वी भरलेल्या सेलांकडून काय अपेक्षा ठेवावी हे निराळे सांगावयास नको. २००५ मध्ये सान्यो कंपनीने प्रथम बाजारात आणलेल्या मंदगळतीच्या जातीने हा दोष बराच दूर केला. ते सेल वर्षानंतरही आपली बहुतेक धारिता राखून असतात. दोन पैसे अधिक गेले तरी विभागांनी तेच घ्यावेत. जीपच्या काचेखालच्या फळीवर यंत्र ठेवण्याची सवय मात्र कोणत्याही सेलास मानवत नाही.

दुसरी खोडी विजेची. ‘लाइट गेली’ ही आपल्याकडे तक्रार नसून हवामानाची नोंद असावी इतकी ती सवयीची झाली आहे. स्वस्त भारक घड्याळावर चालतात : दोनशे मिलिअँपिअर प्रवाह चौदा तास देऊन ते थांबतात. दहाव्या तासाला वीज गेली आणि पंधरा मिनिटांनी आली, तर असा भारक मागचे विसरून पुन्हा चौदा तास मोजू लागतो. सेल तुडुंब भरूनही प्रवाह चालू राहतो, सेल तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. रात्रीतून दोन-तीनदा वीज जाणाऱ्या गावी हे रोजचेच. वीज पहाटेपर्यंत आलीच नाही, तर सेल अर्धेच भरतात, पण भारकाचा दिवा सर्व काही ठीक असल्यासारखा चमकत असतो. यावर उपाय म्हणजे सेलाचा दाब पाहून स्वतः थांबणारा आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भरणारा भारक घेणे. सेल पूर्ण भरला की त्याचा दाब किंचित खाली येतो. ही खूण असा भारक ओळखतो, त्यामुळे वीज कितीदा गेली-आली तरी भरलेला सेल तो लगेच सोडून देतो.

सेल भरण्यापूर्वी पूर्ण रिकामा केला पाहिजे, ही समजूत निकेल-कॅडमियम सेलांच्या काळातील आहे. आजच्या सेलांस ती लागू नाही. मुद्दाम रिकामे करण्याने एकसरीतील दुबळा सेल उलटण्याचा धोका मात्र वाढतो. आणखी एक समजूत : यंत्र तारेने संगणकास किंवा पॉवर बँकेस जोडले की आतले सेल भरतात. पेन्सिल सेलांवर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत तसे होत नाही. तारेतून यंत्र चालते, सेल आहेत तसेच राहतात. रात्रभर तार लावून सकाळी निश्चिंत निघालेल्या सहायकाचा त्यात दोष नसतो, कारण त्याचा मोबाइल त्याच तारेने भरतो.

बाजारातील दोन वस्तूंपासून दूर राहावे. वेष्टनावर चार हजार, नऊ हजार अशी धारिता छापलेले पेन्सिल सेल मिळतात. या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलात तीन हजारही मावत नाहीत, तेव्हा तो आकडा वाचून सेलाविषयी नव्हे, विक्रेत्याविषयी माहिती मिळते. दुसरी वस्तू खरोखर घातक आहे. अगदी याच आकाराचा, पण ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल दुकानांत असतो. त्यावर १४५०० असा क्रमांक छापलेला असतो. असे दोन सेल घातले की यंत्रास तीनऐवजी साडेसात व्होल्ट मिळतात आणि मग दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही.

मोबाइलमध्ये स्थाननिर्देशनाची सोय असता वेगळे यंत्र कशास, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर हे की ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, निवेदकाशी संपर्क आणि स्थान ही चारही कामे एकाच घटावर टाकली, तर तो दुपारी बसतो आणि चारही कामे एकदमच थांबतात. मोबाइलचा घट गावात बदलता येत नाही. पेन्सिल सेलांची नवी जोडी खिशात असते. मोबाइल राखीव साधन म्हणून जरूर वापरावा, पण एकमेव साधन म्हणून नव्हे.

सेलांवर उगाच येणारा एक आळ येथे दूर करावासा वाटतो. काही जुनी यंत्रे स्थान अचूक सांगतात, पण दिनांक जवळजवळ वीस वर्षांपूर्वीचा दाखवितात. ‘आतला घड्याळाचा सेल गेला’ असे निदान करून यंत्र उघडण्यापर्यंत पाळी येते. वास्तविक उपग्रह आठवडे मोजतात आणि ही मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री ती अशी दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या यंत्रांची आतली आज्ञावली त्यासाठी सुधारली गेली नव्हती, ती एकोणीस वर्षे सात-साडेसात महिने मागे गेली. यंत्रकर्त्याने सुधारित आज्ञावली दिली असेल तर ती चढवावी. नसेल तर स्थान यंत्राचे आणि दिनांक वहीचा, अशी वाटणी करावी. ध्वनिमुद्रणाच्या नोंदींत यंत्राचा दिनांक जसाच्या तसा उतरला गेल्यास, निवेदकाचे मुद्रण त्याच्या जन्मापूर्वी झाल्याचे दिसून यावयाचे.

यापुढे सहायकांनी ‘सेल गेले’ म्हटल्यावर त्यांस एवढेच विचारावे, की यंत्र केव्हा बंद पडले : धक्क्याने, दिवा लावल्यावर, घरात, की उघड्यावर चालता चालता? आणि पुन्हा सुरू केल्यावर चित्र काय दाखवीत होते? धक्क्याने गेले असेल तर झाकण उघडावे, दिव्याने किंवा घरात गेले असेल तर सेल भाराखाली मोजावा, चित्र अर्धे दाखवीत असेल तर मांडणी पाहावी, आणि काहीच दाखवीत नसेल तर भारकाची चौकशी करावी. सेलांच्या जोड्यांवर शाईने क, ख, ग अशी अक्षरे घालावीत आणि जोडी कधी फोडू नये. टिपणवहीत स्थानाच्या रकान्याशेजारी जोडीचे अक्षर लिहिण्यास दोन सेकंद लागतात, आणि कोणती जोडी थकली हे महिनाभरात आपोआप कळते. बाद झालेले सेल केरात टाकू नयेत. २०२२ च्या घट-कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. विभागात त्यांसाठी एक बरणी ठेवावी आणि भरली की संकलन करणाऱ्यांच्या स्वाधीन करावी.